डोळ्यात स्टेरॉइड? तुम्ही विचारलंत म्हणून

"आवं डॉक्टर, ती पैलवान पोरं घेत्यात त्येच न्हवं का हे?" विटी लागून मोतीबिंदू झालेल्या मुलाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात स्टेरॉइड सोडणार म्हटल्यावर त्याच्या आईनं परवा विचारलं. कोल्हापूर पडलं तालमींचं गाव. इथं स्टेरॉइड म्हटलं की दंड फुगवायचं इंजेक्शनच डोळ्यांपुढे येतं. उद्यमनगरात लेथवरची चीप उडून आलेले, उसाचं पातं लागलेले, सगळ्यांचा प्रश्न हाच.

ते स्नायू वाढवणारं, हे सूज उतरवणारं. नाव एक, काम वेगळं.

वयाच्या मोतीबिंदूत भिंग सहसा जागेवर असतं. मार लागलेल्या डोळ्यात त्याला धरणारे बारीक धागे तुटलेले असू शकतात, कधी भिंगाची मागची पिशवीही फाटलेली. तिथून मागचा जेलसारखा व्हिट्रियस पुढे घुसतो. पंचाईत अशी, की तो पाण्यासारखा पारदर्शक! आत राहिला तर जखमेत अडकतो, बाहुली वाकडी करतो, मागचा पडदा ओढतो.

म्हणून ट्रायमसिनोलोन, म्हणजेच हे स्टेरॉइड. बाटलीच्या बुडाशी पांढरा साका बसतो, तो हलवून घ्यायचा आणि किंचित आत सोडायचं. पहाटे उसाच्या बांधावरचं कोळ्याचं जाळं दव पडल्यावर दिसतं ना, तसे व्हिट्रियसचे धागे पांढरे होऊन समोर येतात. ते कटरनं कापायचे, पुन्हा थोडं औषध सोडायचं. कुठंच काही चिकटलं नाही की माझा जीव भांड्यात पडतो. अमेरिकेत याच कामासाठी डोळ्यात वापरायचं ट्रायमसिनोलोन 2007 मध्ये मंजूर झालं.

सूज कमी होते हा दुसरा फायदा. लहान मुलांचे डोळे ऑपरेशननंतर फार भडकतात, म्हणून त्यांच्यात तो मोलाचा.

"पण स्टेरॉइडनंच मोतीबिंदू होतो म्हणत्यात?" होतो. लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब महिनोन्‌महिने घातले की होतो, काचबिंदूही होतो. ऑपरेशनमधलं औषध थोडं असतं, शेवटी बरंचसं धुऊन काढतो. तरी काहींच्या डोळ्याचा दाब चढतो. एरवी तो 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणि पुढचे काही आठवडे दाब मोजायला यावंच लागतं, दिसत असलं तरी.

"शाळा बुडंल की," ती म्हणाली. बुडू दे म्हटलं. आणि ती विटी?

"चुलीत घातली. दांडू बी."