स्टेरॉइड वाढवायचं की बंद करायचं?

अमळनेरकडच्या एका खेड्यातली 23 वर्षांची सून, ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) जुनी पेशंट, वजन 42 किलो. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही; जाऊ भाकरीत विष कालवते म्हणून जेवण बंद. ‘बाहेरनं शे’ (बाहेरची बाधा आहे) म्हणत घरच्यांनी आधी भगत केला, मग दवाखाना. सांधेदुखीसाठी आठवड्यापूर्वी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅम सुरू झालं होतं, त्यामुळे चिठ्ठीवर निदान तयारच: स्टेरॉइड सायकोसिस (स्टेरॉइडमुळे भ्रम होणं), स्टेरॉइड बंद करावे.

वेळ जुळत होती. हा त्रास बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होतो. पण 40 पर्यंतच्या डोसला तो शंभरात एखाद्-दुसऱ्यालाच. 80 च्या वर गेलं की पाचात एकाच्या आसपास.

तिला वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार, शुक्रवार... पुन्हा शुक्रवार, आणि नजर खिडकीकडे. तासाभरानं तेच सातही वार बिनचूक म्हटले. शुद्धीत असा चढउतार दिसला की आधी शरीरातलं कारण शोधायचं. कारणाचा धागा लघवीत सापडला: प्रथिनं 3+, शिवाय लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे), म्हणजे किडनीला सूज. रक्तात सी3, सी4 ही ल्युपस उसळला की घटणारी प्रथिनं खाली, अँटी-डीएस-डीएनए ही ल्युपसची अँटिबॉडी बरीच वर. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपस काबूत ठेवणारी गोळी तिनं कापूस वेचणीच्या दिवसांत सोडली होती आणि ल्युपस भडकवणारं ऊन तर दिवसभर अंगावर. म्हणजे आजारच उसळला होता.

स्टेरॉइड वाढवण्याआधी संसर्ग नाही याची खात्री हवी. आपल्याकडे पहिला संशय टीबी मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा). प्लेटलेट आणि एमआरआय पाहून पाठीतलं पाणी काढलं. पेशी, साखर ठीक. सीबीनॅट (टीबीची तपासणी), हर्पीस विषाणूची पीसीआर निगेटिव्ह. एमआरआय नॉर्मल म्हटल्यावर सासरे खूश झाले, पण ल्युपसच्या सायकोसिसमध्ये तो नॉर्मल येणं नेहमीचंच.

म्हणून स्टेरॉइड वाढवलं: मिथाइलप्रेडनिसोलोन 1 ग्रॅम सलाइनमधून तासाभराहून सावकाश, तीन दिवस. घाईनं सोडलं तर हृदयाची लय बिघडू शकते. साखर, बीपी, पोटॅशियमवर लक्ष. भ्रमासाठी रात्री रिस्पेरिडोन 1 मिलिग्रॅम, ते ईसीजीत क्यूटी (लांबला तर हृदयाची लय बिघडू शकते तो कालावधी) मोजूनच, कारण हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही तो लांबवते. गर्भ नाही हे तपासून प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड 500 मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, एकूण सहा डोस. किडनीची बायोप्सी ती शांत झाल्यावर.

दुसऱ्या आठवड्यात ती जावेच्या हातची भाकरी खाऊ लागली. घरी जाताना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज 200, किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या हिशेबानं, आणि स्टेरॉइड टप्प्याटप्प्यानं कमी. सासऱ्यांनी वेचणीचं विचारलं. सहा डोस होईपर्यंत शेत बंद, नंतरही ऊन उतरल्यावर, पूर्ण बाह्यांनी.