धरणाखालचा ट्राउट: माशी बदलण्याआधी खोली तपासा

खोल जलाशयात थंड, जड पाणी तळाशी बसतं आणि विसर्गाचं दारही बहुतेकदा खालीच असतं. म्हणून अशा धरणाखालची नदी ऐन उन्हाळ्यातही गार राहते आणि थंड पाण्यातला ट्राउट मासा वर्षभर खात राहतो. गाळ मागे जलाशयातच बसल्यामुळे पाणी नितळ असतं. म्हणजे माशाला दोराही दिसतो.

इथलं खाद्य बारीक असतं: चिलटांच्या अळ्या आणि कोष, शेवाळातले झिंग्यासारखे जीव. त्यामुळे माशी, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, बारीक हवी: गळ १८ ते २२ नंबरचा आणि टिपेट, म्हणजे माशीला बांधायचा शेवटचा पातळ दोरा, ६एक्स. जाडीचा हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारांश मिळतात. ६एक्स म्हणजे ५ हजारांश, जेमतेम ०.१३ मिलिमीटर. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमजोर होतो.

मासा लागेना की लोक पेटी उघडून माशी बदलत बसतात. बहुतेक वेळा चूक खोलीची असते. इंडिकेटर म्हणजे दोऱ्यावर लावलेला तरंगता खुणेचा गोळा. त्याच्यापासून माशीपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट ठेवा आणि माशीच्या वीतभर वर शिशाचा एक बारीक मणी लावा. दहा-बारा फेकींत एकदाही तळ लागला नाही, तर आणखी एक मणी. प्रत्येक फेकीला अडकत असेल, तर एक काढा.

आता इंडिकेटरशेजारचा फेस बघा. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं, म्हणून इंडिकेटर फेसाच्या किंचित मागे राहायला हवा. तो पुढे पळत असेल किंवा त्याच्यामागे पाण्यावर रेघ उमटत असेल, तर मधली वेगवान धार दोरीला ओढतेय. दोरी पाण्यावर पडताच कांडीच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, टोकाने ती उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाका. इंडिकेटर जरा अडखळला की कांडी प्रवाहाच्या दिशेने हलकेच उचला. हिसडा दिलात तर ६एक्स तुटलाच.

विसर्गाचं वेळापत्रक आधी बघा, पण त्यावर विसंबू नका. विजेची मागणी वाढली की दारं मध्येच उघडतात. काठावरचा एक अर्धा बुडालेला गोटा हेरून ठेवा. त्याच्यावरची कोरडी टोपी लहान होऊ लागली किंवा पाण्यातून पालापाचोळा वाहत येऊ लागला, की दोरी गुंडाळत न बसता आल्या काठाला परत फिरा. भोंगा सगळीकडे नसतो, आणि असला तरी वळणापलीकडे ऐकू येईलच असं नाही.