तुम्ही विचारलंत म्हणून: देवाने आधीच निवडलं म्हणजे काय

हा प्रश्न मला तीन ठिकाणी गाठतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणाकडे बाळाची पाचवी झाली की एक बाई हमखास म्हणतात, "ताई, मंग सटवाईमा नि तुमना देवमा काय फरक शे?" मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण मुलं विचारतात की जगाच्या उत्पत्तीआधीच सगळं ठरलंय तर रोज गुडघे कशाला टेकायचे. तिसरा प्रश्न नातेवाइकांचा, आवाज खाली आणून विचारलेला: "तू दत्तक ना, म्हणून तुला हे जास्त पटतं का गं?" तिघांना वेगवेगळी उत्तरं देऊन मी थकले आहे. एकदाच लिहिते.

सटवाईचं आधी. ती रात्री येते, कपाळावर लिहिते आणि जाते. बाळाशी तिचं पुढे काही नातं नसतं. तिने लिहिलेलं असतं ते काय काय घडणार त्याबद्दल: आयुष्य किती, लग्न कुठे, मरण कशाने. बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल बोलतो ते कोण कोणाचं होणार याबद्दल. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला ख्रिस्तात निवडलं आणि आपण त्याची मुलं व्हावं, दत्तक म्हणून, हे प्रेमाने आधीच नेमून ठेवलं. लिहून निघून जाणारी बाई वेगळी आणि घरी घेऊन जाणारा बाप वेगळा. स्टाफरूममध्ये मी एवढंच सांगते, कारण तेवढ्यात घंटा होते.

पण त्या बाई हुशार आहेत. एकदा म्हणाल्या, "म्हणजे घडणाऱ्या गोष्टी तुमचा देव ठरवत नाही?" इथे मला टाळाटाळ करता आली असती. पण १६४६ साली लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणजे आम्ही काय मानतो ते मांडणाऱ्या दस्तऐवजात, तिसऱ्याच अध्यायात लिहिलंय की जे जे घडतं ते सगळं देवाने अनादिकाळापासून ठरवलेलं आहे. लगेच पुढे असंही लिहिलंय की म्हणून पापाचा कर्ता देव ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं? मी त्यांना सांगितलं, मला दोन्ही मान्य आहे, बसवून दाखवता येत नाही. त्या हसल्या. हसू देत.

मुलांना मी कॅल्व्हिनच्या, म्हणजे ही शिकवण मांडणाऱ्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकाच्या, ग्रंथाची अनुक्रमणिका दाखवते. त्याची शेवटची, १५५९ सालची आवृत्ती चार भागांत आहे. देव आणि सृष्टी पहिल्या भागात. आधी नेमून ठेवण्याचा विषय तिथे असेल असं कुणालाही वाटेल. तो आहे तिसऱ्या भागात, एकविसाव्या अध्यायापासून. आणि विसावा अध्याय, चांगला लांबलचक, प्रार्थनेवर. म्हणजे विश्वास, पश्चात्ताप, प्रार्थना हे सगळं झाल्यावर, जो आधीच "अब्बा, बापा" म्हणून हाक मारतोय त्याला सांगितलं जातं की तू हाक मारलीस त्याच्या कितीतरी आधी तुझं नाव घेतलं गेलं होतं. फाटकाबाहेर उभं राहून "यादीत माझं नाव आहे का" असं विचारणाऱ्यासाठी हा विषय नाहीच. त्या वाटेला लागू नका, तो चक्रव्यूह आहे, असं कॅल्व्हिनच बजावतो.

मुलांचं समाधान होत नाही. एकीने विचारलं, "पण ताई, फाटकाबाहेर कुणीतरी राहतंच ना?" राहतं. त्याकडे येते.

आता तिसरा प्रश्न, आवाज खाली आणलेला.

माझा जन्म १९७६ चा. बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. दत्तक घेण्याचा १९५६ चा कायदा हिंदूंसाठी. बौद्ध, जैन, शीख त्यात येतात, ख्रिस्ती येत नाहीत. ख्रिस्ती जोडप्याच्या वाट्याला तेव्हा १८९० चा पालक व पाल्य कायदा. म्हणजे कोर्ट तुम्हाला मुलाचे पालक नेमतं, आईबाप करत नाही. धुळ्याच्या जिल्हा न्यायालयाने १९७८ साली बाबांना माझं पालक नेमलं. अशा पालकत्वाची मुदत तेव्हा मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत असे. १९९७ साली माझा वाढदिवस झाला, आईने शेवयांची खीर केली, आणि कायद्याच्या हिशेबाने त्या दिवसापासून मी त्यांची कुणी नव्हते. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाबा २००९ मध्ये गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. शिंदखेडा तालुक्यात त्यांनी स्वतः घेतलेली तीन एकर कोरडवाहू जमीन होती, कापसाची. आईने वारस नोंदीचा अर्ज दिला, माझ्या नावासह. आणि एका संध्याकाळी काका आले.

काकांबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांचे धाकटे भाऊ, मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. इफिसचा पहिला अध्याय मला त्यांनीच पाठ करून घेतला होता, संडे स्कूलमध्ये, बोट धरून एकेक ओळ. "दत्तक" शब्द आला की ते माझ्याकडे बघून हसायचे, आणि मला इतर मुलांपेक्षा दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

ते ओट्यावर बसले. हातात कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक फाइल. आईने चहा ठेवला. काकांनी आधी प्रार्थना केली, माझ्या डोक्यावर हात ठेवून, दादाच्या आठवणीने गळा भरून आला त्यांचा. तो गळा खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग फाइल उघडली. वर तो १९७८ चा कोर्टाचा आदेश. बाबांनीच कधीतरी जपून ठेवायला त्यांच्याकडे दिला होता. कडा पिवळ्या, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली.

"वहिनी, मी मनचं काही मागत नाही," काका म्हणाले. "कायदा जे सांगस ते."

कायदा सांगतो ते असं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला आणि त्याला मूलबाळ असेल, तर विधवेला तिसरा हिस्सा आणि बाकी दोन हिस्से मुलांना. मूलबाळ नसेल तर विधवेला अर्धं आणि उरलेलं अर्धं नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकांना. म्हणजे तीन एकरांचा सगळा प्रश्न एवढाच होता: मी आहे की नाही.

आईने विचारलं, "भाऊजी, ही कोण लागते तुमची?"

"पोरगीच शे ना."

"मग?"

"कागदवर नाही."

आई काही बोलली नाही. काकांनी चहा संपवला, कप उलटा ठेवला, ही त्यांची सवय. उठताना म्हणाले, "देवनी ज्याले जे नेमेल शे, ते त्याले भेटस." आणि ज्या हाताने मला तो अध्याय शिकवला त्याच हाताने पिशवीला गाठ मारली.

वकिलांनी सांगितलं, लढता येईल. केरळच्या उच्च न्यायालयाने ख्रिस्ती दत्तकाच्या बाजूने निकाल दिलेला आहे. पण वर्षं जातील. बाल न्याय कायद्याने २००० नंतर, आणि २००६ च्या दुरुस्तीने अगदी स्पष्टपणे, कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घ्यायची वाट मोकळी केली होती. माझ्यासाठी ती वाट म्हातारपणी आलेल्या चष्म्यासारखी. आई म्हणाली कोर्ट नको. दीड एकर गेली. उरलेल्या दीड एकराचं मृत्युपत्र तिने त्याच महिन्यात माझ्या नावाने नोंदवलं.

तेव्हा विचारता ना, की दत्तक असल्यामुळे मला ही शिकवण पटते का? त्या संध्याकाळनंतर बराच काळ तिचं नावसुद्धा मला नकोसं झालं होतं. "नेमलेलं" हा शब्द ज्याच्या हातात फाइल आहे तोच वापरतो, असं माझं ठाम मत झालं होतं, आणि ते मत पूर्ण गेलेलं नाही.

त्याआधीची मी वेगळी होते. लग्न ठरत असताना होणाऱ्या नवऱ्याशी मी तावातावाने भांडले होते. तो मेथडिस्ट घरातला. त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने १७३९ सालीच या शिकवणीविरुद्ध प्रवचन छापलं होतं: असा देव मानला तर तो सैतानापेक्षा क्रूर ठरतो, असा त्याचा रोख. मी पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातला कुंभार पुढे केला होता, मातीने कुंभाराला जाब विचारू नये म्हणून. त्या मुलीला आज भेटले तर म्हणेन, बाई, तू स्वतःला मडकं समजत नव्हतीस, तू कुंभाराच्या शेजारी बसून बोलत होतीस. ती ऐकणार नाही. तिला वाटेल माझा विश्वास थंड झालाय. कदाचित तिचं बरोबर असेल.

मी परत या शिकवणीकडे आले ते पौलाच्या रोमकरांस पत्रामुळे, आणि तेही आडवाटेने. ते पत्र साधारण इसवी सन ५७ चं. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, आणि नीरो दत्तक होता. आधीचा सम्राट क्लॉडियसने त्याला इसवी सन ५० मध्ये दत्तक घेतलं, स्वतःच्या पोटचा मुलगा ब्रिटानिकस हयात असताना. गादी दत्तकाला मिळाली, पोटच्याला नाही. ऑगस्टससुद्धा ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने मुलगा झालेला. रोमच्या मंडळीला पौल जेव्हा दत्तकपणाचा आत्मा मिळाल्याचं आणि वारस होण्याचं सांगतो, तेव्हा "कागदवर नाही" असं म्हणायची सोय तिथे कुणालाच नव्हती. रोममध्ये दत्तक म्हणजे पूर्ण मुलगा, पूर्ण वारस. हे वाचून मला खूप बरं वाटलं. मग लगेच ब्रिटानिकस आठवला. तो इसवी सन ५५ मध्येच मेला, विषाने असं रोमचे इतिहासकार सांगतात. एकाला आत घेतलं की दुसऱ्याचं काय होतं, हा प्रश्न मला सोडतच नाही.

कारण पाळण्यात दुसरी होती. हे मला आईने बाबा गेल्यानंतर सांगितलं. संस्थेत ते दोघं पाहायला गेले होते ते एका वेगळ्याच मुलीला. तिला त्या दिवशी ताप होता, अंगावर पुरळ. पुढच्या महिन्यात या, म्हणाले. बाबांना पुढच्या महिन्यात रजा नव्हती. शेजारच्या पाळण्यात मी होते. "मग तुला उचललं," आई म्हणाली, भाजी निवडता निवडता, जसं काही वांगी महाग होती म्हणून गिलकी आणली.

निवड म्हणजे हीच का? माझ्यात काही होतं म्हणून मला घेतलं नाही, हे तर स्वच्छ आहे. शिकवण नेमकं तेच सांगते: बायबलमधले जुळे भाऊ याकोब आणि एसाव जन्मले नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, त्याआधीच निवड झाली होती. आतल्या माणसाला यात केवढा दिलासा. शेजारच्या बाया लहानपणी गमतीत म्हणायच्या, मस्ती केलीस तर परत देऊन टाकतील हं. घरी येऊन मी दप्तर आवरायची, ताट घासायची, काही चूक राहू नये म्हणून. वेस्टमिन्स्टरच्या कबुलीत दत्तकपणावर बारावा अध्याय आहे, एवढासा. त्यात म्हटलंय की देव या मुलांना बापासारखी शिक्षा करतो, पण कधीही टाकून देत नाही. हे एक वाक्य आठव्या वर्षी कुणी वाचून दाखवलं असतं तर माझी बरीच ताटं वाचली असती. म्हणून मी ही शिकवण सोडत नाही. तुम्ही याला दत्तक असण्याचा परिणाम म्हणा, माझी हरकत नाही.

पण ताप आलेल्या मुलीला हे वाक्य कुणी वाचून दाखवायचं? तिला दुसऱ्या कुणी नेलं असेल, ही माझी आशा, माहिती नव्हे. "ज्याची वेळ आली नाही" वगैरे मला सांगू नका, माझं ते इतरांना सांगून झालंय. कॅल्व्हिननेही मागे राहणाऱ्यांविषयी लिहिताना म्हटलं की हा निर्णय भयंकर आहे, मी कबूल करतो. आणि तरी तो हटला नाही. विसाव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्टने १९४२ मध्ये सगळं उलटून मांडलं, की निवडलेलाही ख्रिस्तच आणि नाकारलेलाही ख्रिस्तच, बाकी सगळे त्याच्यात. मला ते फार आवडतं. आवडतं म्हणून खरं मानावं का, याची मला भीती वाटते.

काका मागच्या वर्षी गेले. चुलतभावाने फोन करून अंत्यविधीला मला वाचन करायला सांगितलं. पाळकांना इफिसचा पहिला अध्याय हवा होता. मी स्तोत्र १०३ वाचलं, बाप मुलांवर ममता करतो ते. घरी परतताना चुलतभावाच्या मुलीने विचारलं, "आत्या, आजोबा निवडलेले होते का?" मी म्हणाले, हो. रात्री नवरा म्हणाला, "आता कोण निवडलेलं ते तू ठरवायला लागलीस?" मी म्हटलं, तुम्हा वेस्लीवाल्यांना काय कळणार, तुमच्यात तर माणूस शेवटपर्यंत देवाच्या कृपेतून गळू शकतो. तो म्हणाला, निदान आम्ही कुणाला आधीपासून बाहेर ठेवत नाही. यावर आमचं भांडण अजून चालू आहे.