खारीला सीताफळाचा पाला

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या न्यू जर्सीतल्या घरामागं रोज येणारी खार त्या दिवशी ओळखू येईना. खांद्यावर बोराएवढी गाठ, मानेखाली आणखी एक. डोक्यात पहिलं आलं ते 'लम्पी'. 2022 साली ज्यांनी गोठ्यात गाठींनी भरलेली गाय बघितलीय, त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार?

इथली खार म्हणजे आपली खारूताई नव्हे. राखाडी, अर्धा किलोची, पाठीवर रामाची बोटं नाहीत. पण भुईमुगाच्या शेंगेवर दोघींचा जीव सारखाच, आणि सोलापूरच्या माणसाला तेवढं नातं पुरतं.

नीट बघितलं तर गाठीला मधोमध भोक होतं, ओलसर. आत काहीतरी वळवळलं. मी जखमी वन्यप्राणी सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "गाठीला भोक आहे का?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग काही करू नका."

ही बॉट फ्लाय नावाच्या माशीची अळी. माशी अंडी घालते ती खारीच्या वावराच्या जागी. खार जवळ आली की तिच्या उबेनं अळी बाहेर पडते, नाकातोंडातून आत शिरते आणि हिंडत हिंडत कातडीखाली येऊन मुक्काम ठोकते. भोक असतं ते तिच्या श्वासासाठी. तीन-चार आठवड्यांनी पोसलेली अळी आपणहून गळून पडते, मातीत कोष करते आणि हिवाळा तिथंच काढते. पुढं तिची माशी झाली की ती काही खातसुद्धा नाही, सगळं खाणं खारीच्या अंगातच उरकलेलं. अळी ओढून काढायला जावं आणि ती आतच चिरडावी, तर खारीला जास्त त्रास.

भोक नसलेल्या पुष्कळ गाठी असत्या, तर तो देवी रोगाच्या कुळातला विषाणू, डासांवाटे पसरणारा. लम्पीही त्याच कुळातली. म्हणजे माझा अंदाज अगदीच वाया नव्हता, हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

पण ते "काही करू नका" मला चार दिवस टोचत राहिलं. परवान्याशिवाय जंगली प्राण्याला औषधपाणी करणंसुद्धा इथं कायद्यात बसत नाही. आमचे आजोबा बैलाच्या जखमेत अळ्या दिसल्या की सीताफळाचा पाला वाटून भरायचे, माशी बसू नये म्हणून वर फडकं बांधायचे आणि रात्री कंदील घेऊन पुन्हा बघून यायचे. परवाना कसला, गावातली दुसऱ्याची बैलंसुद्धा त्यांच्याकडंच यायची. दुखतंय ते दिसत असताना चहाचा कप घेऊन खिडकीत उभं राहायचं, याला शिस्त म्हणायचं का? आणि आजोबांचं चुकत नव्हतंच. बैलाच्या जखमेतली अळी मांस पोखरत जाते, ती काढावीच लागते. इथली एका जागी बसून राहते. माशी वेगळी, म्हणून उपाय वेगळा, एवढंच.

हां, नव्या पेठेत खरजेनं केस गेलेली कुत्री ओलांडून मी रोज कॉलेजला जायचे, तेव्हा कुणाला फोन केला नव्हता. पण तेव्हा फोनही नव्हता.

बाईंनी शेंगा टाकणं बंद करायला सांगितलं. एका जागी खारी जमल्या की एकीची खरूज दुसरीला लागते म्हणे. या खारीला खरूज नव्हती. मी दोन दिवस बंद केलं, तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या दोन टोकांना निरनिराळ्या टाकल्या.

आईला व्हिडिओवर खार दाखवली. "दिवसभर खारीकडं काय बघायलीस गं? हळद तर लाव," म्हणाली. हळद लावायला खार हातात तर यायला हवी.

सप्टेंबरच्या मध्यावर खार आली तेव्हा गाठी बसल्या होत्या. खांद्यावर खपली, भोवती विरळ केस. आईला कळवलं, तर तिनं तोवर सिद्धेश्वराला नारळ बोलून ठेवला होता. मी तिला अळीचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गड्ड्याच्या जत्रेला येणार हाईस का, का मीच फोडू?"