मग रविवारी तुम्ही करता तरी काय?

नागपुरात बाप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातली, म्हणून ओळख सांगितली की हा प्रश्न ठरलेला: मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, मग दोन तास चर्चमध्ये असतं काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आम्ही सगळे मिळून बायबलमधलं वचन ऐकतो. म्हणूनच पारंपरिक बाप्टिस्ट चर्चमध्ये पुलपिट, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, मधोमध असतं आणि त्यावर बायबल उघडं. पाळकसाहेबांनी उतारा सांगितला की बाकाबाकांवर पानं उलटू लागतात. ते सांगतात ते वचनात आहे की नाही, हे ज्यानं त्यानं बघायचं. आमच्यातल्या कितीतरी आज्यांच्या बायबलांत समासात पेन्सिलीनं तारखा टिपलेल्या असतात. त्या ओळीवर प्रवचन कधी झालं, ते त्यांना लगेच दाखवता येतं.

आमच्या पंथाचं मूळ जुनं आहे. 1609 मध्ये ॲमस्टरडॅमला जॉन स्मिथ ह्या इंग्रज धर्मोपदेशकानं आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की ज्यानं स्वतः विश्वास कबूल केला त्यालाच बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारी ख्रिस्ती दीक्षा, द्यायचा. म्हणून आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, नुसतं प्रभूला अर्पण करतात. पुढे कळतं झाल्यावर ते आपल्या तोंडानं साक्ष देतं आणि पाण्यात उतरतं. मराठीतला पहिला छापील नवा करारही बाप्टिस्टांच्याच हातून आला, इंग्रज मिशनरी विल्यम केरींच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून, 1811 मध्ये.

29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, नागपुरात, सहा चर्चपंथ एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. त्यात बाप्टिस्टही होते. त्या एकीचा मला आनंदच आहे. तरी तिथल्या छापील प्रार्थनेपेक्षा आमची उत्स्फूर्त प्रार्थना मला जवळची वाटते. मे महिन्यात कूलरच्या घरघरीतही मागच्या बाकावरून एखादी आजी उठते, नातवाची परीक्षा, शेजारणीचं ऑपरेशन, पाण्याचा टँकर, सगळं देवापुढे मांडते. तिला कुणी घाई करत नाही. सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणते.

प्रभुभोजन बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. भाकर आणि द्राक्षरस हे आम्ही ख्रिस्ताच्या मरणाचं स्मरण म्हणून घेतो. ताट बाकावरून हातोहात सरकतं, म्हणजे शेजारच्याला ते तुम्हीच देता, मग त्याच्याशी तुमचं बोलणं बंद असलं तरी.

आशीर्वाद झाल्यावरही कुणी लगेच निघत नाही. आजारी कोण आहे, दुपारी कुणाकडे प्रार्थनेला जायचं, डबा कोण देणार, हे दारातच ठरतं. मी तेही उपासनेतच धरते.