पिन क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन लावू नका

भोसरीतल्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्यांचा मागच्या आठवड्यात फोन आला. ते प्रेसवर पत्रा कापून पार्ट बनवतात, आणि त्यांच्या ग्राहक कंपनीचं ऑडिट तोंडावर आलंय. म्हणाले, "मॅडम, सगळ्या प्रेसना लाइट कर्टन लावून टाकतो, कोटेशनपण आलंय. तुम्ही फक्त डायच्या मापानं ब्रॅकेट सुचवा." लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी लावलेला किरणांचा पडदा, आणि डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. त्यांच्याकडे न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या दोनच प्रेस आहेत. बाकीच्या जुन्या, पॅडलवर चालणाऱ्या, पिन क्लचच्या. मी सांगितलं, न्यूमॅटिकवाल्यांना जरूर लावा, जुन्यांना लावू नका. त्यांना वाटलं, मी त्यांचा खर्च वाचवतेय. डाय डिझाइन करणारी बाई म्हणून मला हे नीट लिहून ठेवायला हवं असं वाटलं, कारण हाच प्रश्न पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत प्रत्येक प्रेस शॉपमध्ये आहे.

पिन क्लचमध्ये पॅडल दाबलं की फिरतं फ्लायव्हील (जड चाक) आणि रॅम हलवणारा क्रँकशाफ्ट पिननं एकमेकांत गुंततात. एकदा गुंतले की रॅम, म्हणजे वरून खाली येऊन ठोकणारा भाग, खाली जाऊन परत वर येईपर्यंत सुटत नाहीत. मधेच वीज बंद केली तरी फ्लायव्हीलची गती स्ट्रोक पुरा करतेच. लाइट कर्टन काय करतं? किरण अडला की मशीनला थांबायला सांगतं. जी प्रेस अर्ध्यात थांबूच शकत नाही, तिला सांगून उपयोग काय? शिवाय समोर लाल-हिरवा दिवा दिसला की ऑपरेटर निर्धास्त होतो आणि हात आणखी आत जातो. त्यात पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर पॅडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो. "प्रेस डबल मारतेय" असं ऑपरेटर सांगायला आला, तर ती प्रेस त्याच मिनिटाला बंद झाली पाहिजे, शिफ्ट संपल्यावर नाही.

न्यूमॅटिक क्लच-ब्रेकची प्रेस कुठेही थांबवता येते, तिथे कर्टन खरं काम करतं. पण तिथेही ते कुठे बसवायचं हे अंदाजानं ठरवायचं नसतं. आंतरराष्ट्रीय मानकात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात. किरण अडल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत 0.15 सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून निदान 300 मिमी दूर हवं. हा हिशेब बोट ओळखणाऱ्या, 14 मिमी रिझोल्यूशनच्या कर्टनचा. स्वस्तातलं 30 मिमीचं घेतलंत तर आणखी 128 मिमी धरायचे, म्हणजे 428. आता वर्षभरात ब्रेक लाइनिंग झिजून तोच वेळ 0.2 सेकंद झाला, तर 14 मिमीच्या कर्टनलाही 400 मिमी लागतील, आणि ब्रॅकेट मात्र 300 वरच वेल्ड केलेलं असेल. दिवा हिरवा, ऑडिटचा शेरा चांगला, आणि हात पोचतो. म्हणून कर्टन घेताना थांबण्याचा वेळ मोजून मागा, आणि ब्रेकचं काम झालं की पुन्हा मोजा.

जुन्या प्रेसना उपाय एकच, डायभोवती पक्का गार्ड, ज्यातून पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट पंचपर्यंत, म्हणजे डायच्या वरच्या कापणाऱ्या भागापर्यंत, पोचणार नाही. फटीचंही माप ठरलेलं आहे. 10 मिमीची फट असेल तर ती धोक्याच्या जागेपासून किमान 80 मिमी लांब, 12 मिमीची असेल तर 100 मिमी. पट्टीवरच्या ब्लँकिंग-पिअर्सिंगला (तुकडे कापणं, भोकं पाडणं) एवढं पुरतं.

खरी अडचण सुट्या ब्लँकची, म्हणजे आधीच कापलेल्या आणि एकेक करून हातानं आत ठेवायच्या तुकड्यांची. लातूरकडचा एक ऑपरेटर मला म्हणाला होता, "ताई, हात घालायचाच नाही तर पीस काढायचा कसा?" त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं काम त्याचं नव्हतं, डाय बनवणाऱ्याचं होतं. पीस डायमध्ये अडकतो म्हणून हात आत जातो. तेव्हा पीस डायमधून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग नीट निवडा, पीस पंचला चिकटत असेल तर तो सोडवणारा स्ट्रिपर सुधारा, स्ट्रोकबरोबर उघडणारा हवेचा झोत द्या. मागे कलणारी सी-फ्रेम प्रेस असेल तर कलवा, पीस स्वतःच्या वजनानं घसरून मागच्या पेटीत पडतो. आत ठेवण्यासाठी सरकती ट्रे करा. ब्लँक बाहेर ठेवायचा, ट्रे ढकलायची. चिमटा सगळ्यात शेवटी, तोही ॲल्युमिनिअमसारख्या मऊ धातूचा, म्हणजे चुकून पंचखाली आला तरी डाय फुटत नाही. डायची किंमत सांगताना या गोष्टी मी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत टाकत नाही. वेगळी ओळ दिसली की घासाघीस तिथूनच सुरू होते.

यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम गार्ड हवा आणि यंत्र चालू असेपर्यंत तो जागेवर हवा, हे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 21 मध्येच लिहिलेलं होतं. त्याहून जुना, 1923 चा भरपाईचा कायदा, तोही 2025 पर्यंतच लागू होता. त्याच्या परिशिष्टात यादी होती: पूर्ण तर्जनी गेली तर कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट, मधलं बोट 12, अंगठा 30, एका हाताची चारही बोटं 50. ती यादी वाचताना मला दर वेळी राग येतो. तर्जनी गेलेल्या माणसाला प्रेसवर परत कोण घेतं? 14 टक्के घट म्हणजे उरलेले 86 टक्के त्याला कुठे मिळतात?

दोन हातांच्या बटणांबद्दल, म्हणजे दोन्ही हात गुंतवून प्रेस चालवायच्या बटणांबद्दल, थोडक्यात. एक बटण टेपनं दाबून ठेवलं की दुसरा हात मोकळा होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या सर्किटमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक येतो आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा येत नाही. तसा रिले बसवून घ्या. टेप लावणाऱ्याला ओरडण्याआधी त्याला तासाला किती पीसचं टार्गेट दिलंय तेही बघा.

आणि डाय बसवणारा सेटर. ऑडिटमध्ये त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण ऑडिट चालत्या प्रेसचं होतं. तो मात्र गार्ड काढूनच काम करतो, त्याला दुसरा मार्ग नसतो. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्या, मेन स्विचला कुलूप लावून किल्ली सेटरच्याच खिशात द्या, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवा. ब्लॉकला साखळीनं एक प्लग जोडून घेतला, की ब्लॉक रॅमखाली ठेवायला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलल्यावर प्लग निघतो आणि मोटर सुरूच होत नाही. प्लगची वायरिंग करायला इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस पुरतो.