कोरडा ब्रश, ओला रंग आणि मधली दोन मिनिटे

ड्रायब्रशिंगमध्ये, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने मिनिएचर (छोट्या मूर्ती) रंगवण्याच्या तंत्रात, आजवर माझ्या हातून झालेल्या चुका आठवून पाहिल्या, तर रंगछटा चुकल्यामुळे बिघडलेली मिनिएचर क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ब्रशमध्ये ओलावा जास्त राहिलेला होता किंवा मुळीच उरलेला नव्हता. नुकत्याच पूर्ण केलेल्या ३२ मिलिमीटर मापाच्या एका योद्ध्यावर या दोन्ही चुका माझ्याकडून एकापाठोपाठ झाल्या. त्याच्या खांद्यावर लांडग्याचे कातडे, अंगात कड्यांचे चिलखत आणि पाठीवर गुळगुळीत कापडाची केप आहे, त्यामुळे हे तंत्र कुठे शोभते आणि कुठे नाही, हेही त्या एकाच मूर्तीवर नीट पाहता आले.

तंत्राचे मूळ सोपे आहे. आधी गडद रंगाचा थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग ब्रशच्या टोकाला फिकट रंग घेऊन तो जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला अंश उंचवट्यांवरून हलक्या हाताने फिरवायचा. उंच भाग रंग पकडतात, खाचा गडदच राहतात आणि कोरीव काम उठून दिसू लागते. अडचण ‘पुसून टाकायचा’ या दोन शब्दांत आहे. बहुतेक जण टिश्यू पेपर वापरतात, मीही अनेक वर्षे तोच वापरला; परंतु टिश्यू पेपर रंगाबरोबर त्यातले पाणीही शोषून घेतो आणि ब्रशच्या केसांत अर्धवट सुकलेले कण तेवढे मागे राहतात. मूर्तीवर ते खडूच्या भुकटीसारखे बसतात. आता मी ब्रशचे टोक प्रथम ओलसर स्पंजावर हलकेच टेकवतो, मग रंग घेतो आणि तो पाणी न शोषणाऱ्या, खडबडीत पृष्ठभागाच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घासून कमी करतो. त्या तुकड्याला मूर्तीसारखाच प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) दिलेला असल्यामुळे ब्रशचा ठसा मूर्तीवर कसा उमटेल, हे आधीच दिसते. असा तुकडा हाताशी नसेल, तर ब्रश अंगठ्यावरून फिरवून पाहावा. रंग त्वचेच्या बारीक रेषांच्या माथ्यावरच लागला आणि रेषांमधल्या फटी मोकळ्या राहिल्या, तर ब्रश तयार झाला असे समजावे.

ब्रशच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. बारीक कामासाठी राखलेला टोकदार सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश ड्रायब्रशिंगला कधीही घेऊ नये, कारण केसांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत रंग सुकत जातो, केस फाकतात आणि ते टोक पुन्हा जुळत नाही. घुमटाकार टोकाचा, मऊ आणि दाट केसांचा मेकअपचा ब्रश या कामाला उत्तम, कारण तो चपट्या, राठ ब्रशपेक्षा फार कमी ओरखडे सोडतो. फिरवण्याची दिशाही महत्त्वाची असते. लांडग्याच्या केसांवर ब्रश केसांच्या दिशेने ओढला, तर तो खाचांत उतरतो. केसांना आडवा फिरवला, तर फक्त माथ्यांना स्पर्श करतो. शेवटच्या, सर्वांत फिकट छटेला मात्र मी वरून खाली एवढीच दिशा ठेवतो, म्हणजे डोक्यावरून प्रकाश पडल्याचा भास होतो.

पहिली चूक कातड्याच्या डाव्या बाजूला झाली. ब्रश पुरेसा पुसलेला नव्हता आणि फिकट राखाडी रंगाचा एक ओघळ केसांच्या खाचांत जाऊन बसला. अशा वेळी स्वच्छ, किंचित ओला ब्रश लावून रंग लगेच उचलून घेतला, तर खालच्या थराला काहीही होत नाही. मी ते केले नाही; आधी रंगाची वाटी बाजूला ठेवली, दिवा जवळ ओढला आणि मग पुसायला गेलो. ॲक्रिलिक रंगात बहुलकाचे (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जाऊ लागले की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. पूर्ण वाळलेला हा पापुद्रा पाण्याने विरघळत नाही. मात्र ओला आणि वाळलेला यांच्या मधली जी एक-दोन मिनिटे असतात, त्यांत वरचा भाग धरलेला आणि आतला भाग मऊ असतो, आणि तेव्हा घासले की रंग पुसला जाण्याऐवजी वळकटी होऊन सुटतो. माझ्या मूर्तीवर तसेच झाले. ओघळाबरोबर गडद तपकिरी थर आणि त्याखालचा प्रायमरही सुटला आणि उघडे प्लॅस्टिक दिसू लागले. रंग डोळ्यांदेखत ओला असेल तेव्हाच उचलावा आणि तो क्षण निसटला, तर मूर्ती खाली ठेवून द्यावी, हा नियम मी त्या दिवसापासून काटेकोरपणे पाळतो. वाळल्यावर खाचेतला ओघळ बारीक ब्रशने मूळ गडद रंग देऊन सहज झाकता येतो.

दुसरी चूक उजव्या खांद्यावर, आणि ती उलट जातीची. पहिल्या प्रसंगाने सावध होऊन मी ब्रश इतका कोरडा केला की केसांवर धूळ साचल्यासारखे दिसू लागले. येथे आणखी फिकट रंग देऊन सुधारणा करण्याचा मोह होतो. त्याने भुकटी वाढत जाते. उपाय गडद बाजूने करावा लागतो. मूळ तपकिरी रंगाचा पातळ, पारदर्शक वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) मी संपूर्ण भागावर दिला. त्याने सुटे कण एकत्र बांधले जातात आणि फिकट व गडद यांमधली दरी भरून निघते. वॉश खाचेत तळे करून साचला, तर त्याच्या कडेला वाळल्यावर डाग राहतो, म्हणून जादा वॉश ओलसर ब्रशच्या टोकाने लगेच शोषून घ्यावा. तो पूर्ण वाळल्यावर मधल्या छटेचा एकच हलका हात पुरेसा झाला.

चिलखताने फारसा त्रास दिला नाही. काळ्या थरावर पोलादी रंगाचे ड्रायब्रशिंग ही कड्यांसाठी सर्वांत समाधानकारक पद्धत आहे. धातूच्या रंगांतले चमकदार कण पाण्यात उरतात आणि पुढच्या रंगात मिसळतात, म्हणून त्यानंतर पाणी बदलावे आणि ब्रश वेगळाच ठेवावा. काही कण केपवर उडाले, पण केप मी मुद्दाम शेवटी रंगवायची ठेवली होती. गुळगुळीत पृष्ठभागावर ड्रायब्रशचा प्रत्येक ओरखडा दिसतो, त्यामुळे केपसाठी पातळ थरच द्यावेत आणि आधीचे शिंतोडे त्यांखाली झाकले जावेत, हाच क्रम सोयीचा आहे. जेथे नंतर जोखमीचे काम करायचे असेल, तेथे पूर्ण झालेल्या भागावर वार्निशचा एक पातळ थर द्यावा. मग वर सांडलेला ताजा रंग ओल्या ब्रशने पुसताना खालचे काम अधिक सुरक्षित राहते.

वाळलेल्या रंगावर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण कापसाच्या बोळ्याने ते केवळ नेमका डाग काढते, असे मानू नये. ते ॲक्रिलिकचे सगळेच थर, वार्निशसकट, मऊ करू शकते. संपूर्ण मूर्तीचा रंग उतरवायचा असेल, तरच मी ते वापरतो, तेही खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून आणि ज्योतीपासून दूर. पॉलिस्टायरीनच्या मूर्तीला ॲसिटोन कधीही लावू नये, प्लॅस्टिकच विरघळते. रेझिनची मूर्ती असेल, तर न दिसणाऱ्या जागी आधी चाचणी करावी.

डाव्या खांद्यावरचा उघडा पडलेला भाग मी ब्रशने प्रायमर लावून, एक रात्र थांबून, पुन्हा तीन छटांत रंगवला. जवळून पाहिले, तर जुन्या आणि नव्या थरांच्या सीमेवर बारीक पायरी अजून दिसते. १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने ती घासता आली असती, पण त्याबरोबर कातड्याचे कोरलेले केसही झिजले असते, म्हणून तिच्यावर आणखी एक वॉश देऊन मी ती तशीच ठेवली आहे.